थरथर अनेकांची, पार्किन्सन काहींचा

मुळशीत आषाढात भाताची लावणी सुरू झाली की कुणाचं अंग कसं चालतंय ते खाचरात उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतं. एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि ओळ धरून मागे सरकायचं. वर्षानुवर्षं ज्याची ओळ मोडली नाही असा माणूस एखाद्या वर्षी रेंगाळू लागतो. बांधावर बसून तंबाखू मळताना त्याचा अंगठा सुरुवातीला नीट फिरतो, मग त्याचा फेर आखूड होत जातो आणि मध्येच तो थबकतो. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचं त्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं. घरचे म्हणतात, "वय झालं आता." तोही तेच म्हणतो.

असा माणूस डॉक्टरकडे जातो तो बऱ्याचदा खांद्याची तक्रार घेऊन. हात वर जात नाही, सदरा घालताना कळ येते, कूस बदलताना अंग लाकडासारखं वाटतं. एक्स-रे निघतो. 'मणक्यात गॅप आहे', 'नस दबलीय' असं सांगितलं जातं. साठीनंतर बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच, त्यामुळे हे निदान खोटं नसतं. फक्त त्या माणसाच्या मंदावलेल्या हाताशी त्याचा संबंध नसतो. पट्टा, शेक, दुखण्याच्या गोळ्या यांत महिने जातात, कधी वर्षं. पुढे हात कापायला लागतो, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा 'पार्किन्सन' हे नाव घेतं.

याच्या अगदी उलटही घडतं. हात कापतो एवढ्यावरूनच एखाद्यावर पार्किन्सनचा शिक्का बसतो आणि तो माणूस वर्षानुवर्षं नको ती औषधं घेत राहतो. ज्याला आजार आहे त्याचा सुटतो आणि ज्याला नाही त्याला चिकटतो. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. कंपावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते आणि हाताची गती, चाल आणि चालू असलेली औषधं यांकडे पुरेसं पाहिलं जात नाही.

लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या आजारावर छोटासा निबंध लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर फक्त 6 माणसं होती. त्यांपैकी दोघं त्याला रस्त्यात भेटली होती आणि एकाला तर त्याने लांबूनच पाहिलं होतं. म्हणजे या आजाराचं पहिलं वर्णन झालं तेच मुळी निव्वळ बघण्यातून. पुढे पॅरिसमध्ये शार्को या मेंदूतज्ज्ञाने कंप आणि संथपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवलं आणि आजाराला पार्किन्सनचं नाव द्यावं असं सुचवलं. त्यानंतर एमआरआय आलं, जनुकांच्या तपासण्या आल्या. तरीही आज पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातला न्यूरोलॉजिस्ट पार्किन्सनचं निदान करतो ते मुख्यतः पेशंटला समोर बसवून, चालवून, त्याचं मनगट हातात धरून. मधुमेहाची साखर मोजावी तसं पार्किन्सनचं काही मोजता येत नाही.

याचं कारण आजाराच्या जागेत आहे. मध्यमेंदूत गडद रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्याला 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' म्हणतात. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि हालचालींना वेग, आकार आणि सहजपणा मिळतो तो त्यामुळे. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. आल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाचे गोळे त्यांच्यात साचतात. 1912 साली फ्रिट्झ लेवी याने असे गोळे पहिल्यांदा पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत पाहिले, म्हणून त्यांना लेवी बॉडीज म्हणतात. जिवंत माणसाच्या मेंदूच्या त्या भागातून निदानासाठी तुकडा काढता येत नाही. खात्री होते ती मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. आणि बाहेरून पहिलं लक्षण दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

डॉक्टर नेमकं काय पाहतात? पेशंटला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगतात. बोटं शक्य तितकी फाकवून, शक्य तितक्या झपाट्याने, दहा-पंधरा वेळा. संधिवाताने दुखऱ्या बोटांची हालचालही संथ असते, अर्धांगवायूतून सावरलेल्या हाताची असते, उदास माणसाचीही असते. पार्किन्सनच्या हाताची खूण वेगळी आहे. पहिल्या तीन-चार आपटी ठीक होतात, मग बोटांमधलं अंतर कमी होत जातं, लय अडखळते, क्षणभर हात गोठतो. हालचाल चालू असतानाच ती विझत जाते. तंबाखू मळताना आखूड होत जाणारा अंगठाही हेच दाखवत असतो. 2015 साली जगभरच्या तज्ज्ञांनी निदानाचे जे निकष मांडले, त्यांत या मंदगतीला अनिवार्य ठरवलं आहे. तिच्या जोडीला स्थिर हाताचा कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा, या दोहोंपैकी किमान एक हवं. नुसता कंप असेल तर ते पार्किन्सन ठरत नाही. सुमारे 30 टक्के पेशंटना तर सुरुवातीला कंप नसतोच.

शहरी पेशंटमध्ये अक्षर पाहिलं जातं. सही बारीक होत गेली, वाक्य संपेपर्यंत अक्षरं मुंगीएवढी झाली की शंका घ्यायला जागा असते. मुळशीच्या डोंगरी वाड्यांत सत्तरीपुढच्या अनेक स्त्री-पुरुषांनी आयुष्यभर अंगठाच उठवला, त्यांच्या बाबतीत ही खूण हाती लागत नाही. तिथे वेगळं विचारावं लागतं. भाकरी पूर्वीसारखी गोल थापली जाते का? धारेला बसल्यावर एक हात लवकर दमतो का? ब्लाउजची हुकं, धोतराच्या निऱ्या किती वेळ घेतात? तपासणीच्या पुस्तकात हे प्रश्न नसतात, पण त्यांतून मिळणारी माहिती सहीइतकीच भरवशाची असते.

हे निदान किती वेळा चुकतं? लंडनच्या ब्रेन बँकेतून 1992 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हयातीत तज्ज्ञांनी पार्किन्सन म्हटलेल्या 100 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. त्यांपैकी 76 जणांनाच खरोखर पार्किन्सन होता. चौघांतल्या एकाचं निदान चुकलं होतं आणि तेही मेंदूविकारतज्ज्ञांच्या हातून. 2016 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तोवरचे असे अभ्यास एकत्र केले, तेव्हा एकंदर अचूकता 80.6 टक्के निघाली. बिगरतज्ज्ञांची 73.8 टक्के होती. हालचालींच्या विकारांमधल्या तज्ज्ञांची पहिल्या तपासणीत 79.6 टक्के आणि पेशंटला काही काळ पाहिल्यानंतर 83.9 टक्के होती.

त्याहून डोळे उघडणारे आकडे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, औषध अजून सुरू न झालेल्या किंवा औषधाचा उपयोग स्पष्ट न दिसलेल्या पेशंटमध्ये केलेलं निदान फक्त 26 टक्के वेळा बरोबर ठरलं. औषध लागू पडलेल्या, पण आजाराला पाच वर्षं न झालेल्यांत ते 53 टक्के बरोबर होतं. पाच वर्षांनंतर तेच प्रमाण 88 टक्क्यांवर गेलं. पहिल्या भेटीत दिलेलं निदान हा अंदाज असतो आणि तो काळाच्या कसोटीवर पुन्हा पुन्हा घासावा लागतो, हे यातून उघड होतं. पण आपल्याकडे पहिल्या भेटीतली चिठ्ठीच कायमची ठरते. फाइलवर एकदा 'पार्किन्सन' लिहिलं गेलं की पुढचा डॉक्टर ते खोडायला धजावत नाही.

भारतात मृत्यूनंतर मेंदू तपासून खात्री करण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूच्या ऊतींची राष्ट्रीय पेढी 1995 पासून आहे. पण मेंदूदान ही कल्पनाच आपल्या घरांत रुजलेली नाही. त्यामुळे आपलं निदान किती चुकतं हे आपल्याला परदेशी आकड्यांवरूनच ताडावं लागतं.

हात कापण्याची सगळ्यांत नेहमीची गफलत होते ती 'इसेन्शियल ट्रेमर' या विकाराशी. हा कंप पार्किन्सनपेक्षा बराच जास्त आढळतो, अनेकदा घराण्यात असतो आणि बहुधा दोन्ही हातांना असतो. यात हात कामात असताना कापतो. चहाची बशी तोंडाशी नेताना चहा सांडतो, सुईत दोरा जात नाही, कधी मान हलते, आवाज थरथरतो. मांडीवर हात निवांत ठेवला की कंप शांत होतो. पार्किन्सनचा कंप नेमका उलटा. हात स्वस्थ असताना तो सुरू होतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, सहसा एकाच बाजूला, अंगठा आणि बोटांमध्ये गोळी वळल्यासारखा. बशी उचलली की तो बराच निवतो. डॉक्टर पेशंटला शंभरपासून उलटे आकडे मोजायला लावतात तेव्हा मनावर ताण येऊन मांडीवरचा हात हलू लागतो. हात समोर ताठ धरायला लावला तर इसेन्शियल ट्रेमर लगेच दिसतो, पार्किन्सनचा कंप मात्र काही सेकंद दबा धरून मग परततो. या काही सेकंदांकरता डॉक्टरने थांबलं पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच घडत नाही. थायरॉइड वाढल्याने, दम्याच्या औषधांनी, दारू अचानक सोडल्यानेही हात कापतात, हे वेगळंच.

आता त्या पिशवीकडे वळायला हवं, जिच्याकडे बहुतेक वेळा कुणाचं लक्ष जात नाही. ग्रामीण भागातला पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्याकडे किंवा त्याच्या सुनेकडे एक कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी असते. आत जुन्या चिठ्ठ्या, अर्धवट संपलेल्या स्ट्रिप्स, एक्स-रेची पाकिटं. पार्किन्सनच्या निदानात ही पिशवी एमआरआयइतकी, कधी त्याहूनही मोलाची असते.

काही औषधं मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखी अवस्था निर्माण करतात. हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजारांवरची औषधं त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि डॉक्टरांना ती ठाऊकही असतात. धोका जास्त आहे तो साध्या वाटणाऱ्या गोळ्यांत. चक्कर येते म्हणून दिलेलं सिनारिझिन. अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड. आणि आपल्याकडे सर्रास वापरात असलेलं लेव्होसल्पिराइड, जे ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या कॅप्सूलमध्येच मिसळून येतं. 'गॅसची गोळी' म्हणून ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही मिळते आणि माणूस ती महिनोन्महिने सकाळी उपाशीपोटी घेत राहतो. पेशंटला "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर तो बीपीची, साखरेची गोळी सांगतो. गॅसच्या गोळीला तो औषध समजतच नाही.

औषधाने आलेला हा पार्किन्सनसदृश विकार वयस्क माणसांत, विशेषतः बायकांत जास्त दिसतो. तो अनेकदा दोन्ही बाजूंना सारखाच आणि काही आठवड्यांत-महिन्यांत वाढतो. जबाबदार औषध बंद केल्यावर बहुतेकांचं अंग मोकळं होतं. मात्र त्याला काही आठवडे लागतात, कधी सहा महिने किंवा त्याहूनही अधिक. काहींच्या बाबतीत ते पूर्ण सुटत नाही, कारण आतमध्ये खरा पार्किन्सन आधीच सुरू झालेला असतो आणि गोळीने त्याला फक्त उघडं पाडलेलं असतं. इथेही उत्तर मिळतं ते वाट पाहूनच. औषध बंद करायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने तोडणं फार महागात पडू शकतं.

याच पिशवीत आणखी एक सापळा असतो. पार्किन्सनचं मुख्य औषध लेव्होडोपा सुरू केलं की काहींना मळमळ होते. मळमळीसाठी जवळच्या डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड दिलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. पेशंट आणखी ताठरतो आणि "औषध लागू पडत नाही, म्हणजे हा पार्किन्सन नसावा" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा वेळी डॉम्पेरिडोन वापरतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात औषधांच्या पिशवीबाहेरचंही एक औषध आहे. मुळशी-ताम्हिणीच्या झाडोऱ्यात पावसाळ्यानंतर खाजकुइलीच्या शेंगा लटकतात. त्यांची तांबूस लव अंगाला लागली तर काय होतं हे इथल्या गुराख्यांना सांगावं लागत नाही. या वेलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा असतो. आयुर्वेदात कंपवातावर या बिया जुन्या काळापासून वापरात आहेत. 1937 साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढून दाखवला. पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन कमी असतं हे त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, 1960 मध्ये व्हिएन्नात सिद्ध झालं. 1978 साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा आपल्याकडच्या वैद्यकाचा अभिमानाचा धागा आहे आणि निदानाशी त्याचा थेट संबंध येतो. कवचबीजाचं चूर्ण घेणारा माणूस खरं तर लेव्होडोपाच घेत असतो, फक्त किती ते कुणालाच ठाऊक नसतं. तपासणीच्या दिवशी त्याची बोटं बरी चालतात आणि लक्षणं झाकली जातात. वैद्यांकडून घेतलेल्या पुड्या त्या पिशवीत ठेवायला पेशंट लाजतो, किंवा डॉक्टर रागावतील म्हणून घरी ठेवून येतो. डॉक्टरांनी न रागावता विचारलं तर हा गुंता दोन मिनिटांत सुटतो.

लेव्होडोपा हे औषध आहेच, शिवाय ते निदानाचं साधनही आहे. पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस दिल्यावर हालचालीत ठळक फरक पडला तर पार्किन्सनच्या बाजूने कौल जातो. अडचण 'पुरेशा' या शब्दात आहे. दिवसाला एखादी अर्धी गोळी आठवडाभर घेऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांची परीक्षा झालेलीच नसते.

पार्किन्सनची नक्कल करणारे इतर आजार थोडे असतात, पण ते सुटले तर नुकसान मोठं होतं. पहिल्या वर्षातच माणूस वारंवार मागच्या मागे पडू लागला आणि जमिनीवर बसून जेवताना ताटाकडे नजर खाली वळवता येईना, तर 1964 साली टोरांटोत वर्णन झालेला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा विकार आठवायला हवा. उठताक्षणी रक्तदाब कोसळून भोवळ येणं आणि लघवीवरचा ताबा लवकर सुटणं हे मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीकडे बोट दाखवतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीचा त्रास आणि विसराळूपणा एकत्र आले तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचलं आहे का ते पाहिलं जातं. त्यावर शस्त्रक्रियेने नळी बसवून माणूस पुन्हा चालता होऊ शकतो. चाळिशीच्या आतल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर विल्सनचा आजार तपासलाच पाहिजे. त्यात शरीरात तांबं साचतं, वेळेत उपचार झाले तर तो आटोक्यात येतो आणि चुकला तर जीवावर बेततो.

हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स याला मे 2014 मध्ये पार्किन्सन असल्याचं सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये त्याने आयुष्य संपवलं. शवविच्छेदनात त्याच्या साऱ्या मेंदूत लेवी बॉडीज पसरलेल्या आढळल्या. भीती, भास, गोंधळ हे त्याचे त्रास ज्या आजाराचे होते, त्याचं नाव त्याला हयातीत कळलंच नाही. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना हे घडलं.

मराठी वाचकाला पार्किन्सन म्हटलं की पु. ल. देशपांडे आठवतात. अखेरच्या काळात त्यांना या आजाराने ग्रासलं होतं आणि 12 जून 2000 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. नाव असं परिचयाचं असलं तरी आजाराचं रूप मात्र आपल्या मनात एकच आहे, कापणारा हात. बिनकंपाचा पार्किन्सन घरातल्यांना ओळखू येत नाही. चेहऱ्यावरचे भाव मालवतात, पापण्या कमी लवतात, आवाज खाली जातो. सुनेला वाटतं, सासूबाई रागावल्यात. मुलाला वाटतं, बाबांनी मनाला काहीतरी लावून घेतलंय. उदासपणा या आजारात खरोखरच असू शकतो, त्यामुळे नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात आणि मंदगती तशीच राहते.

घरोघर जाऊन तपासलं की चित्र कसं बदलतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. 1980च्या दशकात डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत दारोदार पाहणी केली. 14,010 लोकांत 46 पेशंट सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे 328. काश्मीरच्या ग्रामीण भागात त्याच दशकात झालेल्या अशाच पाहणीत हे प्रमाण लाखामागे 14च्या आसपास निघालं. पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं आहे, वंशाचाही फरक असेल. पण खेड्यांत संथ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला आजारी मानलंच जात नाही, हेही त्या तफावतीमागचं एक कारण असू शकतं.

मग यंत्रं काय करतात? पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना हे पाहायला. हजारो रुपये मोजून आणलेला रिपोर्ट नॉर्मल आल्यावर "काही नाही निघालं" म्हणून घरचे निश्चिंत होतात, तेव्हा त्यांना हे समजावून सांगायला कुणी नसतं. ट्रोडॅट नावाचा स्कॅन पुण्या-मुंबईत होतो. डोपामिन वाहून नेणारी मेंदूतली टोकं किती शाबूत आहेत हे त्यात दिसतं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये किंवा निव्वळ गोळ्यांमुळे आलेल्या विकारात तो नॉर्मल असतो, म्हणून तिथे तो कामाचा. पण पार्किन्सन आणि त्याच्या जवळच्या नकली भावंडांत तो फरक करू शकत नाही. 2023 साली पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून बिघडलेलं आल्फा-सिन्यूक्लिन शोधण्याची चाचणी 1,123 जणांवर पारखली गेली. पार्किन्सन असलेल्यांपैकी 87.7 टक्क्यांत तिने तो ओळखला आणि नसलेल्यांपैकी 96.3 टक्क्यांना बरोबर वगळलं. ही खरी झेप आहे. मात्र पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत अशी चाचणी पोचायला वेळ लागणार.

नाकाची गोष्ट तर यंत्रांच्याही पुढची आहे. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्याच्या निदानाच्या दहाहून अधिक वर्षं आधी जाणवलं होतं. एडिनबरोच्या संशोधकांनी तिला 12 जणांचे वापरलेले टी-शर्ट हुंगायला दिले, त्यांतले 6 पार्किन्सनच्या पेशंटचे होते. तिने 7 सांगितले. चुकलेला सातवा माणूस निरोगी गटातला होता. आठ महिन्यांनी त्यालाही पार्किन्सन असल्याचं निदान झालं.

पेशंटचं स्वतःचं नाकही आधीच इशारा देत असतं. पार्किन्सनमध्ये वास घेण्याची शक्ती अनेकदा कंपाच्या कितीतरी वर्षं आधी जाते. मुळशी-मावळ हा आंबेमोहराचा मुलूख. चुलीवर भात रटरटला की शेजारच्या घराला कळावं असा त्याचा वास. तो एखाद्याला येईनासा झाला आणि त्याला सर्दीही नसेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी आहे. जुनी बद्धकोष्ठताही तशीच. आणि झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, स्वप्नातल्या माणसाशी मारामारी करणं. याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो. 2019 साली 24 केंद्रांमधल्या अशा 1,280 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा की, बारा वर्षांत त्यांच्यापैकी 73.5 टक्के जणांना पार्किन्सन किंवा त्याच कुळातला विकार जडतो. एकट्या लक्षणावरून घाबरून जाण्याचं कारण नाही, बद्धकोष्ठता तर निम्म्या गावाला असते. पण ही तिन्ही एकत्र आली आणि अंगठाही थबकू लागला तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

मुळशी तालुका पुण्याला खेटून आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती याच तालुक्यात आहेत आणि धरणापलीकडच्या वाड्याही याच तालुक्यात. लवळ्याला सिंबायोसिसचं रुग्णालय झालं, ससून आणि पुण्यातली मोठी रुग्णालयं आहेतच. तरी ताम्हिणीकडच्या म्हाताऱ्याला न्यूरोलॉजिस्टपर्यंत न्यायचं म्हणजे मुलाचा पूर्ण दिवस, गाडीभाडं आणि तपासणीचा खर्च. एकदा नेतात. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हटलं तर नेणं होत नाही. आणि वर पाहिलं तसं, अचूक निदान बहुधा त्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दडलेलं असतं.

इथे हातातल्या मोबाइलचा फार मोठा उपयोग आहे आणि तो पुरेसा केला जात नाही. माणूस अंगणात चालताना, वळताना, खुर्चीतून उठताना, बोटं आपटताना, मांडीवर हात ठेवून बसलेला असताना असे मिनिट-मिनिटाचे व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी काढून तारखेसह ठेवले तर डॉक्टरांना वर्षाभराचा प्रवास समोर दिसतो. रात्रीचं झोपेतलं ओरडणं तर ओपीडीत कधीच दिसणार नाही, ते घरच्यांनीच टिपायचं. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट आणि मुंबईत 2001 साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडून पेशंटला आणि घरच्यांना असं काय पाहायचं, काय विचारायचं हे शिकता येतं.

सरकारच्या ई-संजीवनी सेवेमुळे गावातल्या केंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. कंप, चेहरा, बोटांची गती, चाल हे सगळं पडद्यावर दिसतं. दोन गोष्टी मात्र दिसत नाहीत. मागून खांद्याला हिसका देऊन तोल पाहायचा असतो, त्यासाठी मागे सावरायला माणूस उभा लागतो. आणि ताठरपणा कळतो तो पेशंटचं मनगट आणि कोपर हातात घेऊन सावकाश फिरवल्यावरच. दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला लावली की दातेरी चाक फिरवताना जाणवावेत तसे गचके बोटांना लागतात. हे शिकायला मेंदूशास्त्राची पदवी लागत नाही, कुणी जाणत्याने हातात हात धरून काही पेशंटवर ते दाखवलं पाहिजे. माले किंवा पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुण्याच्या तज्ज्ञांनी एवढं दाखवलं, औषधांची पिशवी रिकामी करून एकेक स्ट्रिप वाचायची सवय लावली, तर पडद्यापलीकडच्या न्यूरोलॉजिस्टला ज्या दोन गोष्टी कळत नाहीत त्या अलीकडून सांगणारं कुणीतरी असेल आणि सहा महिन्यांनंतरची ती दुसरी भेट गावातच होऊ शकेल.